कथील, शिसे आणि वसतिगृहाचे स्वयंपाकघर

निवासी शाळेतील विद्यार्थी वर्षातील नऊ-दहा महिने एकाच स्वयंपाकघरातील अन्न खातो. घरातील एखादे भांडे सदोष असले, तर त्याचा परिणाम चार-पाच माणसांपुरता राहतो. वसतिगृहात एका पातेल्यात शिजलेली आमटी सगळ्या पंगतीला वाढली जाते, आणि ती रोज वाढली जाते. श्रीपूरच्या आसपासचा सारा परिसर उसाचा व साखर कारखान्यांचा. हंगाम सुरू झाला की अनेक आईवडील महिनोन्‌महिने फडावर असतात. आपल्या मुलाच्या ताटात काय पडते हे त्यांना पाहता येत नाही; ते पाहण्याचे काम त्यांनी शाळेवर सोपविलेले असते. धान्य निवडताना आणि पाणी गाळताना आपण जी दक्षता घेतो, तीच भांड्यांच्या बाबतीतही घ्यावयास हवी. म्हणून आम्ही विज्ञान विषयाचे अध्यापक या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक, माजी विद्यार्थी व हितचिंतक यांच्यापुढे एक प्रश्न मांडीत आहोत: कल्हई केलेली भांडी अन्नासाठी कितपत सुरक्षित आहेत?

प्रश्न जुना असला तरी कालबाह्य झालेला नाही. मध्यंतरी स्टेनलेस स्टीलमुळे मागे पडलेली तांब्या-पितळेची भांडी आता पुन्हा प्रतिष्ठा पावत आहेत. शिवाय शाळा, विहारे व वसतिगृहे यांना मोठी पितळी पातेली, हंडे, घागरी व पराती दान देण्याची रीत आपल्याकडे आहे. आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या भांड्याच्या काठावर त्यांचे नाव व तारीख कोरलेली असते. अशी भांडी टाकवत नाहीत, टाकूही नयेत; परंतु त्यांत काय शिजवावे आणि त्यांना कल्हई कशाची करावी, हे ठाऊक असल्याखेरीज ती चुलीवर चढवू नयेत.

कल्हई कशासाठी?

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. तांबे उष्णता चांगली वाहून नेते, पितळ टिकाऊ असते, म्हणून मोठ्या स्वयंपाकासाठी ही भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्यांचा एक दोष मात्र आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र न शिकताही माहीत होता. पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. ‘कळकणे’ हे क्रियापद मराठीने खास याच दोषासाठी घडविले आहे. ताकातील लॅक्टिक आम्ल, चिंचेतील टार्टारिक आम्ल, टोमॅटो-लिंबातील सायट्रिक आम्ल हे धातूच्या पृष्ठभागावरील तांबे विरघळवितात आणि ते अन्नात उतरते. चवीला तुरट, धातूसारखे लागणारे ते हेच तांबे. भांड्याच्या कडेला जमणारे हिरवे जंगाल हीही तांब्याचीच संयुगे होत. अशा अन्नाने मळमळ, ओकाऱ्या व पोटदुखी होते.

यावरील उपाय म्हणजे कल्हई: भांड्याच्या आतील बाजूस दिलेला कथलाचा पातळ लेप. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईवाला प्रथम भांडे घासून स्वच्छ करतो, भात्याने फुलविलेल्या निखाऱ्यांवर ते तापवितो, आत नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवितो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भराभर चहूकडे फिरवितो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू निर्माण होतात. त्यांपैकी दुसरा तापलेल्या धातूवरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि म्हणून कथील पितळेला घट्ट धरते. वर जाऊन थंड झाल्यावर हे दोन वायू पुन्हा एकत्र येतात. पांढरा धूर दिसतो तो त्यामुळेच. हा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो, म्हणून काम चालू असता मुलांनी भट्टीभोवती गर्दी करू नये.

नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तयार केलेले वा साठविलेले अन्न मानवी सेवनास अयोग्य समजावे, अशी तरतूद अन्नभेसळ प्रतिबंध नियम, १९५५ मध्ये होती. पुढे अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला, तरी २०११ च्या विनियमांत ती कायम राहिली. म्हणजे कल्हई ही केवळ जुन्या पिढीची टापटीप नसून कायद्याने मान्य केलेली सावधगिरी आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी दाखविलेला धडा

कल्हई नसलेल्या भांड्यापासून किती हानी होऊ शकते, याचे एक गंभीर उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. तान्ह्या व लहान मुलांचे यकृत निबर होऊन त्यांचा बळी घेणारा एक आजार आपल्या देशात अनेक दशके आढळत असे. वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असे नाव पडले. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण कमालीचे वाढलेले सापडे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने या मुलांना दूध कसे पाजले जाते याचा बारकाईने शोध घेतला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अगदी लहान वयात वरचे दूध सुरू झालेले असणे, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापविलेले किंवा ठेवलेले असणे, ही गोष्ट त्यांना ठळकपणे आढळली. दूध आंबट नसते, मग त्यात तांबे कसे येते? दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे भांड्यातील तांबे दुधात येत राहते. आजाराला आनुवंशिक कारणही असावे काय, याविषयी तज्ज्ञांत चर्चा झाली. तथापि दुधासाठी पितळी भांडी वापरणे बंद होत गेले, तसतसा हा आजार विरळ होत गेला आणि आज तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

महागड्या औषधाने जे साधले नसते, ते भांडे बदलल्याने साधले. आपल्या शाळेतील मुले तान्ही नाहीत. तेवढा धोका त्यांना नाही. पण लहान भावंडे घरी असतात, म्हणून ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी.

शुद्ध कथील निर्धोक, पण कथील शुद्ध आहे काय?

कथील हा अन्नाच्या दृष्टीने सौम्य धातू आहे. पोटात गेलेल्या कथलाचा फारच थोडा भाग शरीरात शोषला जातो. बाकीचा बाहेर पडतो. डबाबंद खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांनाही आतून कथलाचाच मुलामा असतो, आणि अशा अन्नात किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत कथील आंतरराष्ट्रीय मानकांनुसार चालते. त्याहून पुष्कळ अधिक कथील उतरले तर पोट बिघडते. कायमची इजा सहसा होत नाही. तेव्हा शुद्ध कथलाची, अखंड कल्हई असलेल्या भांड्यात वरण-भात शिजविण्यास भिण्याचे कारण नाही.

भीती आहे ती शिशाची. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे आपण म्हणतो तेव्हा कथील हा हलका, स्वस्त धातू गृहीत धरलेला असतो. आज परिस्थिती उलटली आहे. भारतात कथलाचे धातुक मुख्यत्वे छत्तीसगडमधील बस्तर भागात थोडेसे सापडते, म्हणून बहुतेक कथील परदेशातून आणावे लागते. बाजारात त्याचा भाव शिशाच्या दहापटीहूनही अधिक असतो. दोन्ही धातू दिसायला सारखे, दोन्ही मऊ, दोन्ही लवकर वितळणारे. शिवाय दोन्ही विशिष्ट प्रमाणात मिसळले तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते आणि काम अधिक सोपे होते. झाळकामासाठी, म्हणजे सोल्डरिंगसाठी, मिळणाऱ्या कांड्या याच मिश्रणाच्या असतात. विजेच्या तारा जोडण्यास त्या योग्य. अन्नाच्या भांड्याला सर्वस्वी अयोग्य. भेसळ नेहमी कल्हईवाला करतो असेही नाही. हातावर पोट असलेल्या त्या कारागिराला दुकानातूनच भेसळीची कांडी मिळालेली असू शकते, आणि तिचा धूर सर्वांत आधी त्याच्याच फुप्फुसात जातो.

शिशाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. रक्तात शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित, अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट अधिक शोषून घेते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. रक्तातून ते हाडांत जाऊन बसते व तेथे दशकानुदशके राहते. त्याने रक्तक्षय होतो, मूत्रपिंडे बिघडतात. परंतु सर्वांत मोठा घाला वाढत्या मेंदूवर पडतो. स्मरणशक्ती, एकाग्रता व आकलन कमी होते, आणि झालेली हानी भरून येत नाही.

अध्यापक या नात्याने आम्हांला येथेच थांबून विचार करावासा वाटतो. शिशाची बाधा झालेले मूल सहसा आजारी दिसत नाही. ते वर्गात लक्ष देत नाही, पाढे विसरते, चिडचिड करते, अधूनमधून पोट दुखते म्हणते. आपण त्याला ‘मठ्ठ’ किंवा ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. शिक्षण हेच ज्यांच्या उत्कर्षाचे एकमेव साधन आहे, अशा घरांतील मुलांची बुद्धी भांड्यातल्या धातूने मंदावावी, याहून मोठा अन्याय तो कोणता? युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आहे, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. पेट्रोलमधील शिसे आपल्याकडे २००० साली बंद झाले. तरी जुने रंग, बॅटऱ्यांची मोडतोड, भेसळीची हळद आणि भांडी ही दारे उघडीच आहेत.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधे गणित पाहू. समजा, एका मोठ्या पातेल्याला २० ग्रॅम कथील लागले आणि त्यात दहावा हिस्सा शिसे होते. म्हणजे भांड्याच्या आत २ ग्रॅम शिसे बसले. पिण्याच्या पाण्यात शिशाची कमाल मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने ते २ ग्रॅम शिसे दोन लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. सगळे शिसे एकदम उतरत नाही हे खरे. पण कल्हई झिजते म्हणजे ती कोठे जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

इतरत्र काय घडले?

युरोपात शतकानुशतके ‘प्यूटर’ या धातूची ताटे व पेले वापरात होते. प्यूटर म्हणजे मुख्यत्वे कथील. पण जुन्या काळी त्यात शिसे मिसळीत आणि आंबट मद्य, फळांचे रस यांत ते उतरे. आज अन्नासाठी बनणाऱ्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक कथील असते व कठीणपणासाठी शिशाऐवजी अँटिमनी आणि तांबे घालतात. तमिळनाडूत रसम करण्यासाठी ‘ईय चोंबू’ हे निव्वळ कथलाचे भांडे वापरतात. तमिळ भाषेत कथील म्हणजे ‘पांढरे ईयम’ आणि शिसे म्हणजे ‘काळे ईयम’. केवळ नावाच्या साधर्म्यानेही घोटाळा होऊ शकतो. म्हणूनच तेथेही खरेदी करताना शुद्धतेची खात्री करून घेणे महत्त्वाचे ठरते.

अल्युमिनियमची भांडी, ज्यांना आपल्याकडे ‘जर्मन’ची भांडी म्हणतात, तीही या बाबतीत सर्वथा निर्दोष नाहीत. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसे येऊ शकते. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही अल्युमिनियम, पितळ व हिंडालियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरते, असा इशारा दिला होता.

विनयातील एक नोंद

या संदर्भात विनयपिटकातील एक प्रसंग लक्षणीय वाटतो. चुल्लवग्गात भिक्षापात्रांविषयीचा नियम आला आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेल्या चंदनी पात्राची हकीकत होऊन गेल्यावर भगवंतांनी भिक्खूंना सोने, चांदी, काच, कासे, तांबे यांची पात्रे वापरण्यास मनाई केली. त्याच यादीत ‘तिपु’ म्हणजे कथील आणि ‘सीस’ म्हणजे शिसे हेही आहेत. लोखंडाचे आणि मातीचे, अशी दोनच पात्रे अनुज्ञेय ठरविली. पुढे पात्राचा तळ घासून झिजू लागला, तेव्हा त्याखाली ठेवण्याच्या चकतीसाठी मात्र कथील व शिसे चालेल असे सांगितले. या नियमामागील हेतू साधेपणा व अपरिग्रह हा होता. त्यात आजचे विषशास्त्र शोधणे योग्य होणार नाही. तरी अन्न ज्या भांड्यात घ्यावयाचे ते कशाचे असावे, हा प्रश्न क्षुल्लक मानलेला नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शाळेत करता येण्याजोगी परीक्षा

शुद्ध कथलाची कांडी वाकविली असता करकर असा बारीक आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते. शिसे कागदावर घासले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. या खुणा उपयोगी आहेत, पण ढोबळ. त्याहून बरी परीक्षा आर्किमिडीजच्या तत्त्वाची, आणि ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना करता येते. कथलाची घनता ७.३, तर शिशाची ११.३. २०० ग्रॅम वजनाची कांडी मोजपात्रातील पाण्यात बुडवावी. शुद्ध कथील असेल तर पाणी २७.४ मिलिलिटरने चढेल. निम्मे वजन शिशाचे असेल तर २२.५ मिलिलिटरने. मोठी लबाडी अशी तत्काळ उघडी पडते. परंतु दहावा हिस्साच शिसे असेल तर पाणी २६.४ मिलिलिटर चढते, म्हणजे फरक अवघा एका मिलिलिटरचा. शाळेच्या मोजपात्रावर तो निसटू शकतो. म्हणून अंतिम खात्रीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच हवा. शाळेतील प्रयोगात उत्तीर्ण झालेली कांडी शुद्धच आहे, असे समजू नये. अनुत्तीर्ण झालेली मात्र निःशंकपणे परत करावी.

आम्ही सुचवितो ते असे

१. कढी, ताक, चिंचेची आमटी, टोमॅटोचे सार, लोणचे हे सर्व आंबट पदार्थ स्टेनलेस स्टीलच्याच भांड्यात करावेत व ठेवावेत. दूधही स्टीलमध्येच तापवावे.

२. दानात आलेली पितळी पातेली भात, वरण, उसळ यांसाठी वापरण्यास हरकत नाही. मात्र कल्हई अखंड असली पाहिजे. आत कोठेही पिवळा वा तांबूस डाग दिसला की ते भांडे त्याच दिवशी वापरातून काढावे.

३. कल्हईसाठी लागणारे कथील संस्थेने स्वतः, पावती व शुद्धतेच्या प्रमाणपत्रासह विकत घ्यावे आणि कल्हईवाल्यास द्यावे. त्याची मजुरी पूर्ण द्यावी. त्यात घासाघीस करणे म्हणजे भेसळीला निमंत्रण देणे होय. काम उघड्यावर, मुलांपासून दूर व्हावे.

४. ज्या जुन्या भांड्यावरील कल्हई कशाची आहे हे सांगता येत नाही, त्याची तपासणी होईपर्यंत त्यात अन्न शिजवू नये. तोवर ते शोभेसाठी किंवा धान्य मोजण्यासाठी ठेवावे.

५. कल्हईच्या भांड्यात फोडणी करू नये व ते रिकामे तापवू नये. पाणी असेतो भांड्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपास राहते. तापलेले तेल मात्र कथलाच्या द्रवणबिंदूजवळ पोहोचते. फोडणी लोखंडी कढईत करून वरून ओतावी.

६. कल्हई वाळूने किंवा तारेच्या घासणीने घासू नये. काथ्या किंवा मऊ कापड पुरे. शिजलेले अन्न रात्रभर त्यात ठेवू नये.

७. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवता येईल. लिंबूपाणी, सरबत वा ताक कदापि नाही. भांडे आतून बाहेरून रोज स्वच्छ करावे.

८. क्रीडास्पर्धांत जिंकलेले चषक व शोभेचे पेले अन्नासाठी बनविलेले नसतात. विजयाच्या आनंदात त्यांतून सरबत पिण्याची हौस मुलांनी आवरावी.

९. आहारात पालेभाज्या, शेंगदाणे, डाळी, नाचणी, दूध व लिंबू-आवळा नियमित असावेत. लोह व कॅल्शियम पुरेसे असले म्हणजे चुकून पोटात गेलेले शिसेही कमी शोषले जाते.

१०. प्रत्येक भांड्याची नोंदवही असावी: धातू कोणता, कल्हई केव्हा झाली, कथील कोठून घेतले. सत्रारंभी दोन अध्यापक व दोन पालक यांनी मिळून ती तपासावी.

या दहा गोष्टींपैकी एकही फार खर्चाची नाही. बुद्धांनी अखेरच्या क्षणीही ज्या अप्रमादाचा, म्हणजे अखंड सावधपणाचा, उपदेश केला, तो स्वयंपाकघरातील नोंदवहीतही पाळता येतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांना व दानशूर हितचिंतकांना एवढीच विनंती आहे की, यापुढे शाळेला भांडे द्यावयाचे असेल, तर ते चांगल्या प्रतीच्या स्टीलचे द्यावे. आणि घरातील जुने पितळी पातेले, त्यावर आजी-आजोबांचे नाव आहे म्हणून, शाळेला देण्याची इच्छा असेल, तर ते अवश्य द्यावे. सोबत शुद्ध कथलाच्या कल्हईचा खर्चही द्यावा. त्यात शिजलेला भात पुढील अनेक वर्षे मुलांच्या पंगतीत निर्धोकपणे वाढता येईल.